मंदार अध्यक्ष होता तेव्हाचा वसंत

ऑस्ट्रेलियात ऑक्टोबर म्हणजे वसंत. तो लागला की आमच्या ट्रुगानिनात वारा सुटतो आणि माझं नाक वाहायला लागतं. लोकांना वसंत म्हटलं की पालवी आठवते, मोहर आठवतो. मला टिश्यूचा डबा आठवतो. आमच्या एस्टेटमधली झाडं अजून काठ्यांना बांधलेलीच आहेत, सावली द्यायच्या वयात यायला त्यांना अवकाश आहे. पण पलीकडच्या मोकळ्या माळावरचं गवत मात्र बघता बघता कमरेएवढं होतं आणि त्याचा सगळा धुरळा वाऱ्यावर बसून थेट माझ्या डोळ्यांत येतो. सकाळी क्लिनिकला निघताना दोन्ही डोळे लाल. पेशंट विचारतात, रडलीस का गं? मी म्हणते, नाही हो, हे-फीव्हर, गवताची ॲलर्जी.

दर वेळी ते खरं असतंच असं नाही.

याच दिवसांत मॅगपाय पक्षी अंड्यांवर बसतात आणि रस्त्यावरच्या माणसांच्या डोक्यात चोच मारत सुटतात. माझ्या मुलाने, अर्णवने, सायकलच्या हेल्मेटला प्लॅस्टिकचे केबल टाय खोचून घेतलेत. डोक्यावर काटे उभारून शाळेत जातो. मी दारातून ओरडते, "सांभाळून रे, त्या कोपऱ्यावरून जाऊ नकोस!" आणि तो मान न वळवता म्हणतो, "मॉम, इट्स जस्ट अ बर्ड." बरोबर आहे बाबा. त्याच्यासाठी तो नुसता पक्षी आहे. मला मात्र त्या पक्ष्याने एकदा मंदारचा कान फोडला होता ते आठवतं. रक्त पुसत पुसत तो कमिटीच्या मीटिंगला गेला होता आणि वर म्हणाला होता, "चला, निदान कोणीतरी माझं म्हणणं मनावर घेतलं."

मंदार म्हणजे माझा वर्गमित्र. आम्ही दोघं कायरोप्रॅक्टिक शिकायला आलो होतो, तो पुण्याहून, मी ठाण्याहून. घरी हे समजावताना दोघांच्याही नाकी नऊ आले होते. माझी आई म्हणाली होती, "म्हणजे हाडवैद्यच ना? मग त्याला ऑस्ट्रेलियाला कशाला जायला हवं?" मंदारच्या वडिलांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "नावापुढे डॉक्टर लागेल का?" तो हो म्हणाला. त्यावर त्यांनी परवानगी दिली.

ही विद्या पुस्तकातून येत नाही. एकमेकांच्या पाठीवर शिकावी लागते. वर्गात टेबलं असतात, एकाने पालथं झोपायचं, दुसऱ्याने मणके चाचपत जायचं, मग अदलाबदल. जोड्या ठरलेल्या असतात, आणि एकदा जोडी जमली की वर्षानुवर्षं टिकते. माझी जोडी मंदारशी होती. त्याच्या डाव्या खांद्याखाली एक कायमची गाठ होती, मसाल्याच्या गोदामात वीकेंडला पोती उचलून झालेली. माझी मान उजवीकडे कमी वळायची. आमच्यात प्रेमबिम काही नव्हतं. बघणाऱ्यांना वाटायचं, वाटू दे. पण ज्या माणसाच्या हातात आपण डोळे मिटून मान देतो त्याच्याशी जे नातं होतं त्याला मराठीत शब्द नाही, इंग्रजीत तर नाहीच नाही. मैत्री म्हणते मी. थोडं अपुरं वाटतं.

हात फार चांगला होता त्याचा. आमचे सर सगळ्यांना थांबवून त्याचा हात बघायला लावायचे.

शेवटच्या वर्षी तो विद्यार्थी संघटनेचा अध्यक्ष झाला. झाला म्हणजे आम्हीच केला. आपली मुलं सहसा त्या फंदात पडत नाहीत. क्लास, शिफ्ट, ट्रेन आणि झोप यांच्यात एवढी फटच नसते. शिवाय घरून निघतानाच कानमंत्र मिळालेला असतो, तिकडे पुढे पुढे करू नकोस, आपण बरं आपलं काम बरं. मंदारला तो कानमंत्र लागू पडला नाही. पहिल्या वर्षापासून त्याचा हात वरच. इथली मुलं म्हणायची, "गुड ऑन यू, मेट," आणि मत द्यायची. मीही दिलं.

अध्यक्ष झाल्यावर त्याने पहिलं काय केलं असेल? केस कापले.

त्याचं असं झालं. आम्ही दोघंही तेव्हा डँडेनॉन्गमध्ये राहायचो, वेगवेगळ्या शेअर-हाउसमध्ये. तिथे फॉस्टर स्ट्रीटच्या आसपास आपल्याकडच्या न्हाव्यांची दुकानं आहेत, आणि आपल्याकडचा न्हावी म्हणजे कटिंग झाल्यावर चंपी, चंपी झाल्यावर हनुवटीला हात लावून मानेला कडकन झटका. मंदारचं म्हणणं, पार्लमेंटपर्यंत जाऊन आमच्या व्यवसायाला मान द्या म्हणून सांगायचं असेल, तर आधी आपल्या गल्लीतल्या माना सांभाळायला हव्यात. शिकलेला, नोंदणी असलेला हात नसेल तर कोणी कोणाच्या मानेला झटका द्यायचा नाही. पत्रक वाटून हे होणार नाही हे त्याला माहीत होतं. म्हणून तो प्रत्येक दुकानात गिऱ्हाईक म्हणून जायचा. कटिंग करून घ्यायचा, चंपी करून घ्यायचा, आणि हनुवटीला हात लागला की म्हणायचा, "भाई, बस. गर्दन नहीं." मग बोलणं सुरू.

एकदा मी सोबत होते. सलीमभाई नावाचे हैदराबादचे न्हावी होते, ते आधी हसलेच. म्हणाले, "अरे मंदारभाई, कस्टमर को कट की आवाज नहीं आई ना, तो उसको लगता है कटिंग अधूरी रह गई." मंदारने त्यांना स्वतःच्या मानेवर बोट ठेवून दाखवलं, मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी इथून जाते, झटका चुकला तर माणूस खुर्चीतच जाईल. सलीमभाईंचा चेहरा उतरला. वीस वर्षं करतोय मी हे, म्हणाले. "अल्लाने सांभाळलं तुम्हाला," मंदार म्हणाला, "आता तुम्ही सांभाळा." त्यानंतर ते फक्त खांदे दाबायचे. पण एका रस्त्यावर दुकानं किती आणि एका डोक्याला केस किती! महिनाभरात मंदार तुरुंगातून सुटून आल्यासारखा दिसायला लागला. आम्ही त्याला टकल्या अध्यक्ष म्हणायचो.

आठवून हसू येतं आणि मग लगेच पुढचंही आठवतं.

पुढचं म्हणजे ती परीक्षा. आमच्या कोर्सला शेवटी एक क्लिनिकल परीक्षा असायची, परीक्षकांसमोर खऱ्या माणसावर हात चालवायची. तेव्हा ती वर्षातून एकदाच होती. नापास झालात की थेट पुढच्या वर्षी. इथल्या मुलांचं एक वर्ष जायचं, वाईटच, पण आई-बापांच्या घरी राहून, कॅफेत काम करून ते निभायचं. आम्हा व्हिसावाल्यांचं तसं नव्हतं. आणखी एक वर्ष म्हणजे पुन्हा व्हिसा, पुन्हा परदेशी विद्यार्थ्याची फी, आणि घरचे तर आधीच टेकीला आलेले. आमच्या आधीच्या बॅचची एक मुलगी अशीच परत गेली होती. "माझी पाठ तपासायची कोणाची राहिलीय का?" असं शेवटच्या दिवशी आम्हाला विचारत होती. तिने ते गमतीत विचारलं, पण मंदारच्या डोक्यात ते राहिलं. नापास झालेल्याला काही आठवड्यांत पुन्हा बसू द्या, एवढीच त्याची मागणी.

एवढीच म्हणायला. त्यासाठी त्याचा सगळा वसंत गेला. कोर्सच्या कमिटीत विद्यार्थ्यांचा प्रतिनिधी म्हणून त्याला खुर्ची होती. तिथे बसून बोलायचं, त्याआधी एकेकाला गाठून पटवायचं, व्यवसायाच्या संघटनेतल्या सिनियर लोकांकडून पाठिंबा आणायचा, खासदाराच्या ऑफिसात जाऊन बसायचं. ट्रेनमध्ये माझ्यासमोर भाषणं म्हणून दाखवायचा. मी शिंकत शिंकत ऐकायचे. "इथे आवाज खाली घे," म्हणायचे, "इथे भीक मागितल्यासारखं वाटतंय, मागू नकोस, सांग." आणि तो तसं करायचा. बोलायला लागला की लोक खुर्चीत पुढे सरकून ऐकायचे. मला अभिमान वाटायचा, खोटं कशाला सांगू.

आणि दुपारी क्लास सुटला, टेबल रिकामं असलं की मी म्हणायचे, "मंदार, चल, हात चालवू." तो बॅग खांद्याला लावत म्हणायचा, "उद्या, केतके. आज त्यांना भेटायलाच हवं."

हाताचं असं असतं की त्याला सवय लागते तशी ती मोडतेही. गायकाचा गळा बसतो तसा आमचा हातही जातो. डोक्यात सगळं शाबूत असतं, पण बोटांना मणक्याची जागा एक क्षण उशिरा कळते. आणि आमच्या कामात तो एक क्षण म्हणजेच सगळं काम. मी तोवर दुसऱ्या एका मुलीबरोबर सराव करायला लागले होते. परीक्षा जवळ आली होती, थांबून चालणार नव्हतं.

दिवाळी इथे वसंतात येते. ऊन वाढतं, दिवस लांबतो, पणत्या लावायला अंधार पडायची वाट बघत बसावं लागतं. त्या वर्षी मंदारच्या शेअर-हाउसमध्ये आम्ही फराळ केला होता. चकल्या तेलात विरघळल्या, चिवडा मात्र जमला. आम्ही तो वाडग्यातून खात बसलो होतो तेव्हा मंदार मीटिंगहून आला, दारातूनच ओरडला, "झालं!" कमिटीने मागणी मान्य केली होती. आम्ही आरडाओरडा केला, शेजारची बाई बघायला आली, तिलाही चिवडा दिला.

मग मी विचारलं, "यंदापासून ना?"

"पुढच्या वर्षीपासून. यंदा परीक्षकांची सोय होणार नाही म्हणाले. अडून बसलो असतो तर विषयच पुढे ढकलला असता, आणि पुढचा अध्यक्ष कोण, कसा, कोणास ठाऊक. मी हो म्हटलं." आणि त्याने माझ्या वाडग्यातले शेंगदाणे वेचून खाल्ले. कोणाच्याही मनात काही आलं नाही. आपल्यातलं कोणी नापास होईल असं कोणाला वाटणार, आणि त्यातही मंदार?

परीक्षेच्या दिवशी तो बाहेर आला तेव्हा मी कॉरिडॉरमध्येच होते. त्याने दोन्ही हात उलटेसुलटे करून बघितले आणि म्हणाला, "हात वळला नाही गं." एवढंच. मला वाटलं, उगाच म्हणतोय. तो उगाच म्हणत नव्हता.

निकालानंतरचे दिवस मला आवडत नाहीत आठवायला. सगळे त्याला एकच सांगत होते. जा, कमिटीत शब्द टाक, नियम यंदापासून लावा म्हण. तुझ्याइतकं त्यांच्याशी कोणाचं चांगलं आहे? खुद्द आमचे सर म्हणाले, अर्ज कर, मी बोलतो. मंदार सगळ्यांना थँक्यू म्हणायचा आणि काहीच करायचा नाही. शेवटी मी त्याच्या घरी जाऊन भांडले.

"मी त्या खोलीत होतो, केतके," तो म्हणाला. "पुढच्या वर्षीपासून चालेल असं मीच म्हटलं. आता माझ्यावर आलं तर यंदापासून करा म्हणू? लोक म्हणतील, पठ्ठ्याने स्वतःसाठीच करून घेतलं सगळं. ज्यांना तो नियम नको होता त्यांच्या हातात आयतं कोलीत मिळेल. मग पुढच्या पोरांच्या हातूनही नियम गेला."

"तू काय राजा हरिश्चंद्र लागून गेलास का? वडिलांना काय सांगणार आहेस?"

वडिलांचं नाव काढल्यावर तो खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. तिथूनच म्हणाला, "सांगीन काहीतरी." मी तरी ओरडतच होते.

मला अजूनही त्याचा राग येतो. इतकी वर्षं झाली, माझं क्लिनिक झालं, पीआर म्हणजे कायमचा व्हिसा झाला, घर झालं, मूल झालं. पण ऑक्टोबर आला की हा राग त्या गवतासारखा पुन्हा उगवतो. तत्त्व बित्त्व ठीक आहे रे, पण तुझा हात गेला ना! भारतात आमच्या या विद्येला ना नीट कायदा, ना नोंदणी. आणि डिग्रीच हातात नाही म्हटल्यावर बोलायलाच नको. ज्या माणसाचा हात बघायला वर्ग थांबायचा तो माणूस विमानात बसून निघून गेला. टर्मिनलवर मी शिंकत होते आणि रडत होते, आणि तो म्हणाला, "औषध घे गं बाई."

हे सगळं यंदा वर आलं ते रियामुळे. रिया शेवटच्या वर्षाला आहे, माझ्या क्लिनिकमध्ये काम बघायला येते. सिडनीला केलीव्हिलमध्ये वाढलेली, मराठी तिला समजतं, बोलताना मध्येच गिअर बदलते. परवा लंचला डबा उघडता उघडता म्हणाली, "केतकीताई, मला ना स्टुडंट असोसिएशनच्या प्रेसिडेंटसाठी उभं राहा म्हणतायत. लाइक, यंदाच. शूड आय?"

मी विचारलं, "परीक्षेचं काय?"

"अरे, नो वरीज. वर्स्ट केस, रि-सिट आहे ना. माझी फ्रेंड लास्ट इयर फेल झाली, सहा आठवड्यांत परत बसली, आता बेंडिगोला जॉब करते."

"हा रि-सिटचा नियम कोणी आणला माहितीये?"

तिने खांदे उडवले. "आय डोन्ट नो. इट्स ऑल्वेज बीन देअर."

मला वाटलं होतं मला वाईट वाटेल. वाटलंच. पण नंतर, हात धुताना, असंही वाटलं की मंदारला हे वाक्य आवडलं असतं. पहिल्यापासूनच आहे, असं वाटण्याइतका तो नियम मुरला होता. बेंडिगोत कोणाची तरी पाठ कोणीतरी बघतंय आणि त्या दोघांनाही मंदार ठाऊक नाही. मी रियाला म्हटलं, उभी राहा. जरूर उभी राहा. आपली मुलं त्या खोलीत नसतील तर आपल्या वतीने कोणीही बोलणार नाही. पण रोज टेबलावर हात चालवायचा. मीटिंग असो, खासदार असो, साक्षात ब्रह्मदेव येवो. कोणाला "उद्या" म्हणायचं नाही. तिने माझ्याकडे जरा चमकून बघितलं, कारण माझा आवाज चढला होता. "ओके, ओके," म्हणाली, "चिल." आणि पोळीचा घास घेतला.

तिला मंदारबद्दल सांगावं का, हे मी ठरवू शकले नाही. सांगितलं तर ती कदाचित उभी राहणार नाही. नाही सांगितलं तर त्याचं नाव अजून थोडं पुसलं जाईल. अजून ठरत नाहीये.

गेल्या डिसेंबरात मी पुण्याला गेले होते. विमानात मान धरली होती, उजवीकडे वळतच नव्हती. तशीच मंदारला भेटायला गेले. कर्वेनगरला त्याच्या मेव्हण्याचं गाद्यांचं दुकान आहे, तिथे तो असतो. केस परत आलेत, कानशिलांवर पांढरे झालेत. मला बघून इतका खूश झाला की हातातला चहा गादीवर सांडला. प्लॅस्टिक होतं म्हणून बरं. मेव्हणाही तिथे होता, बोलका माणूस. म्हणाला, "ताई, तुम्ही तरी समजावा याला. आजकाल दोन दिवसांचा कोर्स करून लोक बोर्ड लावतायत, कडाकड माना मोडतायत, त्याचे व्हिडिओ टाकतायत, रांगा लागतात. हा तर कित्येक वर्षं शिकून आलाय. मागची खोली रिकामी आहे, म्हटलं घाल एक टेबल. ऐकतच नाही!" मंदार हसला आणि गादीवरचा चहा पुसत राहिला. मेव्हणा डिलिव्हरीच्या टेम्पोकडे गेला.

दुकानात आम्ही दोघंच उरलो. माझी मान इतकी दुखत होती की मी सहज, अगदी सहज, समोरच्या गादीवर बसले आणि म्हटलं, "बघ ना जरा."

तो उठला. माझ्यामागे येऊन उभा राहिला. त्याच्या श्वासावरून मला कळलं की तो बघतोय, कुठे अडकलंय ते त्याला दिसलंय. मी डोळे मिटून घेतले आणि वाट बघितली. हात आला नाही.

"नाही गं," तो म्हणाला.

"अरे, मी आहे. आणि इथे कोण विचारणार आहे तुला?"

"कोणी विचारत नाही. म्हणूनच. सलीमभाईंना काय सांगितलं होतं मी?"

मी वळून बघायला गेले, मान वळली नाही, अख्खी मीच वळले. त्याने दोन्ही हात पाठीमागे धरले होते, शाळेतल्या मुलाने धरावेत तसे. चेहऱ्यावर रुबाब नव्हता, तत्त्व वगैरे काही नव्हतं. नजर माझ्या मानेवरच होती. मला एकदम भयंकर वाईट वाटलं की मी मागितलं. आणि त्याहून वाईट हे वाटलं की मला तोच हात हवा होता, दुसरा कोणाचाही नको होता.

मग आम्ही अर्णवबद्दल बोललो, त्याच्या वडिलांच्या मोतीबिंदूबद्दल बोललो, कोणाची लग्नं झाली, कोणाची मोडली. निघताना त्याने रिक्षा थांबवली, माझी बॅग स्वतः आत ठेवली. मी बसले. तो पुढे वाकला आणि रिक्षावाल्याला म्हणाला, "दादा, जरा सावकाश घ्या. खड्डे बघून. यांची मान दुखतेय."

रिक्षावाल्याने खरंच सगळा रस्ता सावकाश नेली.